अर्धवटराव आणि त्यांचे धनी

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत तात्या विंचू शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटाने त्याला घरोघर नेले. पण त्याच्या वडीलभावाची, अर्धवटरावांची, हकीकत आता जुन्या मंडळींनाच आठवते. ती आज सांगतो.

यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ च्या सुमारास या बाहुल्याला बोलते केले. शब्दभ्रम ही कला तेव्हा आपल्याकडे नवलाचीच. ओठ न हलवता बोलायचे, तर खरी अडचण प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य अक्षरांची! त्यांच्या जवळचा ध्वनी जिभेने काढायचा. बाकीचे काम बाहुल्याच्या हलत्या तोंडाकडे पाहणारा प्रेक्षकच करतो.

या कलेचा न्याय मात्र उफराटा. ती जितकी साधावी तितका कलावंत दिसेनासा होतो आणि टाळी बाहुल्याच्या पदरात पडते. धन्यामागे अर्धवटराव मुके झाले असते, तर दोघांचेही नाव पुसले गेले असते. तसे घडले नाही. १९६७ साली चिरंजीव रामदास रंगमंचावर उभे राहिले. तात्या विंचू घडवला तो त्यांनीच. पुढे त्यांच्या पत्नी अपर्णाताई आणि पुत्र सत्यजित यांनीही ही कला उचलली.

गवयामागे ध्वनिमुद्रिका उरते, चित्रकारामागे चित्र. शब्दभ्रमकारामागे उरतो एक गप्प बाहुला. त्याला कोणीतरी आपला श्वास द्यावा लागतो. पाध्यांच्या घरात तो तीन पिढ्या मिळाला. शंभरी ओलांडलेले अर्धवटराव बोलतात, तेव्हा यशवंतरावांचे श्राद्ध हसतखेळत पार पडते!