रंजक गावात, टोपी कारखान्यात

मे १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या टॉमस मन्रोच्या फौजेने सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बंदुका एका बाबतीत सारख्याच बेभरवशाच्या होत्या. कंपनीच्या शिपायांकडे चकमकीच्या बंदुका होत्या, पेशव्यांच्या फौजेत तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीच्या, अजून बऱ्याच होत्या. दोन्हींत नळीतला बार पेटायचा तो बाहेरच्या वाटीत रंजक म्हणून घातलेल्या चिमूटभर बारीक दारूने. ती दारू दमटली, वाऱ्याने उडाली, छिद्र काजळीने बुजले किंवा गारगोटी झिजली की बार फुसका. हे किती वेळा होत असेल, याचा अंदाज नंतरच्या एका चाचणीवरून येतो. १८३४ साली इंग्लंडातील वूलविच येथे चकमकीच्या आणि टोपीच्या, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणारा मसाला भरलेल्या धातूच्या छोट्या टोपीच्या, बंदुकांतून प्रत्येकी सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीचे ९२२ फुकट गेले, टोपीचे फक्त ३६. हे आकडे बहुधा टोपीचा विजय म्हणून सांगितले जातात, आणि रणांगणापुरते ते खरेही आहे. पण टोपीने धोका संपवला नाही, त्याची जागा बदलली. बंदूक चालवणाऱ्यापुढचा धोका टोपी बनवणाऱ्याच्या आणि काडतूस भरणाऱ्याच्या बाकावर गेला, आणि चालवणाऱ्याची फुसक्या बाराशी वागायची सवय मोडली. सोलापूरसारख्या जिल्ह्यात टोपी बाहेरून यायची, त्यामुळे तिथे हा बदल अधिक ठळक दिसतो.

रंजकीची दारू ही नळीतल्याच दारूची बारीक पूड. सोरा, गंधक, कोळसा. तिन्ही देशी बाजारात मिळणारे जिन्नस. तिला ठिणगी हवी. नुसत्या साध्या ठोक्याने ती सहजी पेटत नाही. टोपीतला मसाला वेगळ्याच जातीचा. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० साली पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले. ठोक्याने पेटणाऱ्या अशा मसाल्यांचा बंदुकीसाठी उपयोग करण्याचे पेटंट १८०७ साली अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने घेतले. हा गृहस्थ शिकारीचा शौकीन. वाटीतली ठिणगी दिसताच पक्षी उडून जातात ही त्याची तक्रार होती. फल्मिनेट ठोक्याने, घर्षणाने, उष्णतेने पेटते. ज्या गुणासाठी ते टोपीत घालायचे, तोच गुण ते तयार करताना, वाळवताना, भरताना जिवावर उठतो. म्हणून ते ओले ठेवून हाताळतात. पण ओले फल्मिनेट मेलेले नसते, वाळले की पुन्हा जिवंत होते. हेन्री हेनेल हा लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधला नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ १८४२ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी फल्मिनेट तयार करताना स्फोटात ठार झाला. हिंदुस्थानातल्या बंदुकांसाठी लागणाऱ्या मसाल्याने हिशेब चुकता केला तो असा, हजारो मैल दूर, आणि तोही जाणकाराकडून.

हा फरक सरकारला नेमका कळला होता, हे १८७८ च्या हत्यार कायद्यातल्या व्याख्येवरून दिसते. दारूगोळ्यात त्या कायद्याने टोप्या, फल्मिनेटी मसाले, गारगोट्या, बाराच्या डाटण्या, काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रेही धरली. शिसे, गंधक आणि सोरा मात्र स्पष्टपणे वगळले. कोणी म्हणेल, हा कायदा सुरक्षेसाठी नव्हता, सत्तावन्नच्या उठावानंतर रयतेला निःशस्त्र करण्यासाठी होता. हेतूबद्दल हा आक्षेप मान्यच करावा लागतो. परवान्याच्या अटीतून गोऱ्यांना सूट होती हेही उघड आहे. पण हेतू राजकीय असला तरी परिणाम तेवढाच राहत नाही. शिसे ओतणे आणि दारू कुटणे गावात होऊ शकत होते. गावाला अडवायचे तर टोपी अडवणे पुरे होते. त्यातून झाले असे की ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचे ज्ञान जिल्ह्याच्या ठिकाणी कधी रुजलेच नाही. माणसाला टोपी मिळाली, पण ती कशाने जिवंत असते हे कळले नाही.

फुसक्या बाराचेही तेच. साडेसहा बारांत एक फुकट जात असेल तर बंदूकवाल्याला त्याची रोजची सवय असते: नळी दूर धरायची, छिद्र तारेने साफ करायचे, पुन्हा रंजक घालायची. १६६ बारांत एक फुकट जाऊ लागला की तो अपवाद ठरतो, आणि अपवादाला हात कसा लावायचा हे कोणाच्या अंगवळणी नसते. अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या १८६३ च्या लढाईनंतर मैदानावर २७,५७४ बंदुका गोळा केल्या. सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्यांत दोन-दोन बार होते. एकीत तर तेवीस. यावर कोणी म्हणेल, हा टोपीचा दोष नव्हे, घाबरलेल्या शिपायांनी टोपीच बसवली नसेल. काहींच्या बाबतीत तसे असेलच. पण सैनिकाने बार उडालाच असे गृहीत धरून वरून दुसरा ठासावा, हा विश्वास टोपीने दिलेला आहे. काडतुसात धोका आणखी बेमालूम. घोडा पडला, आवाज झाला नाही, म्हणून लगेच बंदूक उघडून आत डोकावणारा माणूस उशिरा पेटणाऱ्या बाराला आपला चेहरा देतो. म्हणून नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून निदान अर्धे मिनिट थांबायचे, मगच चेहरा बाजूला ठेवून काडतूस काढायचे. ते परत घोड्याखाली घालायचे नाही, त्याची टोपी उकरायची नाही. तेलात बुडवले की टोपी मेली, हा समज तर घातकच. लाखेने बंद केलेल्या टोपीत तेल शिरेलच याची खात्री नसते.

१८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखाना सुरू झाला. टोपी, दारू आणि गोळी एकाच पितळी पोटात घालणारी काडतुसे तेव्हा नुकतीच रुळत होती. काडतूस पुन्हा भरण्याचा प्रश्न इथूनच निघतो, कारण पितळेचे कवच पुन्हा वापरता येते आणि टोपी तेवढी बदलायची. अमेरिकेत हौशी लोक घरी काडतुसे भरतात, मग इथेच कारखान्यावर इतका भर का, असे विचारले जाते. पण तिथली शहाणी पद्धतही कारखान्यावरच उभी आहे. टोप्या मूळ पेटीत, एकमेकींपासून वेगळ्या खाचांत ठेवायच्या, बरणीत ओतायच्या नाहीत, कारण ढिगातली एक पेटली की सगळा ढीग पेटू शकतो. ही विभागणी घरातल्या माणसाच्या सावधपणाने आलेली नाही, पेटी बनवणाऱ्याने ठरवली आहे. इथे १९५९ च्या हत्यार कायद्याने काडतुसांचे भाग आणि ती बनवायची यंत्रे दारूगोळ्यातच धरली आणि बनवायला परवाना सक्तीचा केला. त्याच कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मात्र राहिला. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्या-बार्शीकडचा शेतकरी रानडुकरांसाठी असा परवाना मागू शकतो. पण बंदूक हाती असली तरी फुसक्या बाराची सवय तिच्याबरोबर येत नाही.

सोलापूरकरांच्या रोजच्या जगात टोपीचा आणखी एक भाऊबंद आहे, तो बंदुकीशी संबंध नसलेल्या रेल्वेत. रुळावर बांधून गाडीच्या चाकाखाली फुटणारा फॉग सिग्नल, रेल्वेवाल्यांचा पटाखा, स्फोटकांच्या नियमांत टोप्यांच्याच वर्गात बसतो, आणि तो पत्र्याच्या डबीत जपून ठेवायचा, फुटताना जवळ कोणी उभे राहायचे नाही, असे शिस्तीचे काम आहे. शिस्त जिथे पोहोचत नाही तिथे काय होते, हे १ जानेवारी २०२३ रोजी बार्शी तालुक्यातल्या पांगरीच्या फटाका कारखान्यातील स्फोटात दिसले. तिथे टोपी नव्हती, पण स्फोटक मसाल्याशी माणसांचा थेट संबंध होता. बंदुकीच्या बाबतीत तो संबंध कायद्याने आणि कारखान्याने बराचसा तोडला. फटाक्यांच्या बाबतीत तो मजुरांच्या हातातच राहिला आहे.