वाकणारा उजेड : कोलोनोस्कोपीची गोष्ट



तारीख १९ नोव्हेंबर २०२१. वॉशिंग्टनमध्ये सकाळचे दहा वाजून गेलेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन एका पत्रावर सही करतात आणि आपले सगळे अधिकार उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे सोपवतात. पुढची ८५ मिनिटं जगातल्या सगळ्यात ताकदवान पदाचे अधिकार एका स्त्रीकडे असतात. अमेरिकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. आणि कारण काय? युद्ध नाही, हल्ला नाही. बायडन यांची कोलोनोस्कोपी होती, त्यासाठी त्यांना गुंगीचं औषध द्यायचं होतं. तपासणीत तीन मिलिमीटरचा एक छोटा मोड सापडला, तो तिथल्या तिथे काढला.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. कमला हॅरिस यांच्या आई श्यामला गोपालन मूळच्या मद्रासच्या. स्वतः कर्करोगावर संशोधन करणाऱ्या. २००९ साली त्या गेल्या, आणि गेल्या त्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने. ज्या आजारापासून वाचवायला ही तपासणी आहे, तोच आजार.

कोलोनोस्कोपी म्हटलं की आपण एकतर हसतो, नाहीतर विषय बदलतो. आज मी विषय बदलणार नाही. ही नळी आली कुठून, तिच्यात एका भारतीयाचा हात कसा आहे, आणि आदल्या दिवशी ते खारट पाणी का प्यावं लागतं, हे सगळं आज सांगणार आहे.

सुरुवात करू १८०६ पासून. जर्मनीत फ्रँकफुर्टला फिलिप बोझिनी नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्याने एक पेटी बनवली. आत मेणबत्ती, मागे आरसा, पुढे नळी. मेणबत्तीचा उजेड आरशावरून परतून नळीतून शरीरात जायचा. नाव ठेवलं 'लिश्टलायटर', म्हणजे उजेड नेणारा. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्याशाखेने त्याचं कौतुक करायचं सोडून त्यालाच फटकारलं. हे नुसतं कुतूहल आहे, म्हणे. १८०९ साली रुग्णांवर उपचार करताना बोझिनीला टायफस झाला आणि ऐन पस्तिशीत तो गेला.

पुढे १८६८ साली अ‍ॅडॉल्फ कुसमाउल यांनी जठरात सरळ, ताठ नळी घालून पाहिली. कोणाच्या घशात घातली? तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या! दुसऱ्या कोणाला ते जमणारच नव्हतं. नळी गेली, पण उजेड पुरला नाही.

खालच्या बाजूनेही प्रयत्न चालू होते. १८९५ साली अमेरिकेत हॉवर्ड केली यांनी गुदद्वारातून घालायची ताठ नळी आणली. पण ताठ नळीची मर्यादा अशी, की ती जेमतेम फूटभर आत जाते. आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, आणि ते सरळ नाही. डावीकडून वर चढतं, प्लीहेपाशी वळतं, आडवं जातं, यकृतापाशी पुन्हा वळतं आणि उजवीकडे खाली उतरतं. पहिल्या वळणापुढे सगळा अंधार. तिथे बेरियम घालून एक्स-रे काढायचा आणि सावल्यांवरून अंदाज बांधायचा, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं.

म्हणजे प्रश्न साधा होता. नळी वाकवता येईल, पण उजेड कसा वाकवायचा?

इथे आपल्या गोष्टीत पंजाब येतो. नरिंदर सिंग कपानी, जन्म १९२६, गाव मोगा. शिक्षण देहरादूनला आणि आग्रा विद्यापीठात. ते स्वतः सांगत, की शिकत असताना शिक्षक म्हणाले होते, प्रकाश फक्त सरळ रेषेत जातो. आणि तेव्हापासून हे खोटं ठरवायचं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पुढे लंडनच्या इंपिरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली त्यांना तेच काम मिळालं. केसासारख्या बारीक काचेच्या हजारो तंतूंची जुडी बांधायची. एका टोकाला चित्र धरलं की प्रत्येक तंतू त्यातला एकेक ठिपका वाहून नेतो आणि दुसऱ्या टोकाला तेच चित्र उमटतं. जुडी वाकवा, चित्र वाकत नाही. २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर'मध्ये दोघांचा निबंध छापून आला.

तो निबंध वाचून एक तरुण पोटविकारतज्ज्ञ लंडनला जाऊन त्यांना भेटला. बेसिल हिर्शोविट्झ, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, काम अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात. अडचण एकच होती. उघडे तंतू एकमेकांना चिकटले की एकातला उजेड दुसऱ्यात गळायचा आणि चित्र धूसर व्हायचं. डिसेंबर १९५६ मध्ये लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने प्रत्येक तंतूवर वेगळ्या काचेचं आवरण चढवलं आणि गळती थांबली. १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी ती लवचीक दुर्बीण आधी स्वतःच्या घशातून उतरवली, मगच रुग्णाच्या.

जठर झालं. आतड्याचं काय? १९६५ च्या सुमारास इटलीत सार्डिनियामध्ये प्रोव्हेन्झाले आणि रेव्हिग्नास या डॉक्टरांनी एक अफलातून युक्ती केली. रुग्णाला बारीक प्लॅस्टिकची लांब नळी गिळायला दिली. ती पोटातून, आतड्यांतून फिरत खालून बाहेर आली. त्या टोकाला दुर्बीण बांधली आणि वरून ओढली. विहिरीतून दोराने पोहरा ओढावा तशी! दुर्बीण सगळं मोठं आतडं पार करून गेली.

पण खरा इतिहास घडला सप्टेंबर १९६९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. विल्यम वुल्फ आणि जपानहून आलेले हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा एक फास आत सोडला, आतड्यातल्या मोडाच्या देठाभोवती आवळला आणि विजेच्या प्रवाहाने तो कापून काढला. या मोडाला डॉक्टर पॉलिप म्हणतात. तोवर असा मोड काढायचा म्हणजे पोट फाडायचं. आता ना टाका, ना जखम.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा अशा मोडातूनच सुरू होतो, आणि मोडाचा कर्करोग व्हायला सहसा दहाएक वर्षं लागतात. म्हणजे निसर्ग आपल्याला दहा वर्षांची मुदत देतो. १९९३ साली अमेरिकेत १,४१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोड काढलेल्या लोकांत कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा किमान तीन चतुर्थांशाने कमी निघालं. ही नुसती तपासणी राहिली नाही. ती आजार होण्याआधीचा उपचार झाली.

आता त्या खारट पाण्याकडे येऊ. आतडं स्वच्छ नसेल तर जगातली सगळ्यात भारी दुर्बीणही आंधळी. पूर्वी दोन-तीन दिवस पातळ आहार, एरंडेल आणि वर एनिमा असा कार्यक्रम असायचा. काही ठिकाणी मॅनिटॉल नावाची साखर देत. पण आतड्यातले जिवाणू ती साखर खाऊन हायड्रोजन सोडतात. १९७९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक भयंकर घटना नोंदवली. मोड कापताना ठिणगी पडली, आतड्यात स्फोट झाला आणि रुग्ण दगावला.

पुढच्याच वर्षी, १९८० साली, अमेरिकेत डॅलसच्या जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवं द्रावण तयार केलं. पॉलीइथिलीन ग्लायकोल आणि ठरावीक प्रमाणात क्षार. याची खुबी समजायला आपल्या ओआरएसची आठवण काढा. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. तिथे साखर मिठाला घेऊन आतड्याच्या भिंतीतून आत जाते आणि पाणी तिच्या मागोमाग जातं. डॅलसच्या द्रावणात याच्या बरोबर उलट. पाणी आत शोषलं जाऊ नये आणि अंगातलं पाणीही बाहेर ओढलं जाऊ नये, असा समतोल. पाणी फक्त आतड्यातून वाहत जातं आणि वाट धुऊन काढतं. म्हणून ते एवढं प्यावं लागतं.

हे मी पुस्तकातून वाचून सांगतेय, पण मी तिकडे वळले ते दादामुळे. दादा इंदूरला, मी बडोद्याला. त्याला शौचावाटे रक्त जात होतं. वर्षभर तो म्हणत राहिला, मूळव्याध आहे, तिखट बंद केलंय, इसबगोल चालू आहे. वहिनीलासुद्धा नीट सांगितलं नाही. कोलोनोस्कोपी झाली तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. दोन वर्षांत दादा गेला. त्याच्या डॉक्टरांनी मला फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "ताई, आता तुमची पाळी, टाळू नका." घरात आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्या व्यक्तीला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर असेल तेव्हा तपासणी करावी, असा साधारण नियम आहे. माझं वय तेव्हा ५४ होतं.

आदल्या दिवशी पालेभाज्या, कोशिंबिरी, पेरू, तीळ सगळं बंद. आधी मऊ भात, मग नुसतं गाळलेलं वरणाचं पाणी, शहाळं, दूध न घातलेला चहा. बीट किंवा लाल सरबत नाही, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. पावडर पाण्यात मिसळली. अर्धं पाणी संध्याकाळी, अर्धं पहाटे. चव म्हणाल तर लिंबू पिळलेलं समुद्राचं पाणी, तेही किंचित बुळबुळीत. गार करून, दर पंधरा मिनिटांनी एक पेला घेतला की उतरतं. मग मात्र संडासाजवळच मुक्काम. सकाळी लघवीसारखं पिवळसर, स्वच्छ पाणी दिसलं की समजायचं, तयारी झाली. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधीच डॉक्टरांना विचारायचं, मनाने काही बंद करायचं नाही.

टेबलावर डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. शिरेतून औषध गेलं. सिस्टर गुजरातीत काहीतरी विचारत होत्या, त्याचं उत्तर मी दिलं की नाही तेही आठवत नाही. जाग आली तेव्हा सगळं संपलं होतं. पोटात थोडा गॅस, बाकी काही नाही. दोन मोड निघाले होते. दादाला जी मुदत मिळाली होती आणि वाया गेली, ती मला वापरता आली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डॉक्टर खरी पाहणी करतात ती दुर्बीण बाहेर काढताना. २००६ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की बाहेर येताना सहा मिनिटांहून जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना जास्त मोड सापडतात. तुमची तयारी चांगली असेल तरच त्या सहा मिनिटांना अर्थ.

आपल्या देशात सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अशा तीन कर्करोगांची चाचणी तिशीनंतर केली जाते. मोठं आतडं त्या यादीत नाही. तेव्हा ही दखल आपली आपणच घ्यायची आहे. शौचावाटे रक्त, सवयीत अचानक झालेला आणि टिकलेला बदल, कारण नसताना घटणारं वजन, रक्त कमी होणं, यातलं काही असेल तर स्वतःच मूळव्याध ठरवू नका. असेलही मूळव्याध, पण ते डॉक्टरांनी पाहून सांगू दे.

आणि हा भाग ऐकून झाला की घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा एकट्यात विचारा, रक्त वगैरे जात नाही ना? पहिल्यांदा ते विषय बदलतील. तुम्ही पुन्हा विचारा.

भेटू पुढच्या भागात.