कोळसा-वीजकेंद्रांतील कार्बन संग्रहण आणि शासकीय अर्थसाहाय्य : ‘फ्यूचरजेन’ प्रकल्पाचा इतिहास (२००३ ते २०१५)

प्रस्तावना :
दगडी कोळसा जाळून वीजनिर्मिती करताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साईड वातावरणात न सोडता वेगळा काढावा व भूगर्भातील खोल, सच्छिद्र खडकांच्या थरांत कायमचा साठवावा, ही कार्बन संग्रहणामागील मूळ कल्पना होय. हे तंत्र खर्चिक आहे. वायू वेगळा काढण्यासाठी केंद्राचीच बरीच ऊर्जा खर्ची पडते आणि विक्रीयोग्य वीज कमी होते. त्यामुळे शासकीय पाठबळाशिवाय खाजगी कंपन्या सहसा या मार्गाला वळत नाहीत. हे पाठबळ कोणत्या स्वरूपात द्यावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील ‘फ्यूचरजेन’ प्रकल्पाचा इतिहास उद्बोधक ठरतो.

प्रकल्पाचा उदय :
२००१ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी क्योटो करार नाकारला. उत्सर्जनावर सक्ती नको, तंत्रज्ञानाला उत्तेजन द्यावे, ही त्यांच्या प्रशासनाची भूमिका होती. त्या काळी अमेरिकेची जवळजवळ निम्मी वीज कोळशापासून निर्माण होत असे. या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २००३ मध्ये फ्यूचरजेनची घोषणा झाली. कोळशाचे वायूत रूपांतर करून २७५ मेगावॅट वीज निर्माण करणारे व कार्बन साठवणारे हे केंद्र सुमारे १०० कोटी डॉलर्समध्ये उभे राहील, असा अंदाज होता. खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार शासनाने व उरलेला कंपन्यांच्या संघाने उचलावयाचा होता. एप्रिल २००६ मध्ये भारतही १ कोटी डॉलर्सचा वाटा देण्याचे मान्य करून या उपक्रमात भागीदार झाला.

माघार आणि पुनरुज्जीवन :
डिसेंबर २००७ मध्ये इलिनॉय राज्यातील मॅटून या गावाची निवड झाली. मात्र अवघ्या सहा आठवड्यांत, खर्च १८० कोटी डॉलर्सवर गेल्याचे कारण देत ऊर्जा विभागाने पाठिंबा काढून घेतला. २००९ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने या निर्णयातील त्रुटी दाखवून दिली. जुना अंदाज स्थिर किमतींत, तर नवा अंदाज भाववाढ धरून केलेला होता. समान आधारावर खर्चातील वाढ सुमारे ३९ टक्केच होती. म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट झाल्याचा समज सदोष तुलनेवर उभा होता.

२००९ च्या आर्थिक पुनरुज्जीवन कायद्यातून प्रकल्पास पुन्हा १०० कोटी डॉलर्स मंजूर झाले. तथापि २०१० मध्ये आराखडाच बदलला. वीजनिर्मिती मेरेडोशिया येथील जुन्या केंद्रात व्हावी आणि मॅटूनने केवळ वायू साठवावा, असे ठरले. मॅटूनने नकार दिला. वीजकेंद्राचे स्वागत करणारे गाव दुसऱ्या ठिकाणच्या वायूचे कोठार होण्यास तयार नव्हते. स्थानिक संमती ही प्रकल्पाच्या स्वरूपाशी बांधलेली असते, ही गोष्ट यातून स्पष्ट होते. पुढे साठवणुकीसाठी मॉर्गन परगण्याची निवड झाली. परंतु सप्टेंबर २०१५ च्या मुदतीत निधी खर्च होणे अशक्य दिसताच फेब्रुवारी २०१५ मध्ये ऊर्जा विभागाने प्रकल्प थांबविला. तोवर सुमारे २० कोटी डॉलर्स खर्च झाले होते.

अन्य अनुभव :
हे अपयश एकाकी नव्हते. मिसिसिपीतील केंपर प्रकल्पाचा खर्च ७५० कोटी डॉलर्सच्या घरात गेला आणि २०१७ मध्ये तेथे कोळशाऐवजी नैसर्गिक वायू स्वीकारण्यात आला. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा २०१७ च्या प्रारंभी कार्यान्वित झाला. परंतु पकडलेला वायू तेलविहिरींत वापरला जात असल्याने तेलाचे भाव कोसळताच २०२० मध्ये तो बंद पडला व २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. लेखापरीक्षण यंत्रणेच्या २०२१ च्या अहवालानुसार आठ कोळसा प्रकल्पांना सुमारे ६८ कोटी डॉलर्स देण्यात आले. प्रत्यक्षात कार्यान्वित झाला तो एकच.

अनुदानाच्या जोडीला २००८ पासून साठविलेल्या प्रत्येक टनामागे करसवलतीची तरतूद आहे. आरंभी ती २० डॉलर्स होती. २०२२ च्या कायद्याने वीजकेंद्रांसाठी ८५ डॉलर्सपर्यंत नेली. या पद्धतीत वायू साठविल्याखेरीज सवलत मिळत नाही. मात्र उभारणीच्या काळातील जोखीम त्यामुळे दूर होत नाही.

निष्कर्ष :
फ्यूचरजेनच्या अपयशाचे खापर केवळ तंत्रज्ञानावर फोडता येत नाही. त्याचे केंद्र कधी उभेच राहिले नाही. म्हणून तंत्राची कसोटीही लागली नाही. सदोष हिशेब, बदलते आराखडे आणि अर्थसंकल्पीय मुदत यांनी तो संपविला. उलट केंपरचा अनुभव तंत्रज्ञानाच्या मर्यादाही दाखवितो. भारतात नीती आयोगाने २०२२ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास मुंबईच्या आयआयटीत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र सुरू झाले. भागीदार म्हणून ज्या प्रकल्पाशी भारत जोडला गेला होता, त्याच्या इतिहासातून एक धडा निश्चित मिळतो : सार्वजनिक पैसा देण्यापूर्वी खर्चाचा समान आधार, टप्प्याटप्प्याने पडताळणी आणि साठवणुकीच्या जागी राहणाऱ्या लोकांची संमती या तीन गोष्टी निश्चित असावयास हव्यात.