साडेशहात्तर डॉलरचा इतिहास

परवा इथला, म्हणजे अमेरिकेतला, टॅक्स भरायला बसलो आणि कपाळाला हात लावला. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये मी बँकेतून १,००० डॉलर भरले होते. मित्राने तेवढेच पगारातून कापून घेतले. इन्कम टॅक्स दोघांचाही वाचला. पण त्याचे साडेशहात्तर डॉलर जास्त वाचले!

म्हटलं, हे काय गौडबंगाल? शोधत गेलो तर थेट दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये इथे पगारवाढीवर बंधनं आली, विम्याला मात्र सूट मिळाली. मग कंपन्या माणसं टिकवायला विमा देऊ लागल्या. १९५४ मध्ये कंपनीने भरलेला हा पैसा करमुक्त असल्याचं कायद्यात आलं. १९७८ च्या कलम १२५ ने रोख पगाराऐवजी करमुक्त सोय निवडायची मुभा दिली. २००३ च्या कायद्याने हे खातं जन्मलं, तेव्हा रस्ता तयारच होता.

त्या रस्त्याने गेलेला पैसा पगारात धरतच नाहीत. त्यामुळे सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्केही कापले जात नाहीत. माझे मात्र आधीच कापले गेले, आणि रिटर्न भरून ते परत मिळत नाहीत.

खातं तेच, रक्कम तीच. फरक फक्त दाराचा. पण ज्याची कंपनी हे दार उघडतच नाही, त्याने काय करायचं?

असो. सोमवारी एचआरला मेल टाकतोय.