द एक्झॉर्सिस्ट ३
(१९९०). अमेरिकन भयपट. लेखक व दिग्दर्शक विल्यम पीटर ब्लॅटी. ब्लॅटी यांच्याच ‘लीजन’ (१९८३) या कादंबरीवर आधारित. एका वृद्ध पोलिस अधिकाऱ्याचा तपास आणि सैतानी शक्तीने मेलेल्या खुन्याला मिळवून दिलेला नवा देह, अशी दुहेरी कथा. मॉर्गन क्रीक या संस्थेची निर्मिती, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे वितरण. प्रदर्शन १७ ऑगस्ट १९९०. प्रमुख कलावंत : जॉर्ज सी. स्कॉट, ब्रॅड डूरिफ, जेसन मिलर, एड फ्लँडर्स, निकोल विल्यमसन. छायालेखन गेरी फिशर, संगीत बॅरी डी व्हॉरझन.

पार्श्वभूमी : ब्लॅटी यांची ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ मध्ये आली. विल्यम फ्रीडकिन यांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटाच्या (१९७३) पटकथेसाठी ब्लॅटींना ऑस्कर मिळाले. बारा वर्षांच्या रीगन या मुलीला झपाटणारी शक्ती फादर डेमियन कॅरस स्वतःच्या अंगावर घेतो आणि खिडकीतून जिन्यावर उडी टाकून मरतो, असा त्या कथेचा शेवट. दुसरा भाग ‘एक्झॉर्सिस्ट २ : द हेरेटिक’ (१९७७) जॉन बूरमन यांनी केला, त्याच्याशी ब्लॅटींचा संबंध नव्हता आणि तिसऱ्या भागाच्या कथेत त्याची दखलही नाही. पहिल्या भागात दुय्यम असलेला लेफ्टनंट विल्यम किंडरमन येथे नायक झाला. ती भूमिका तेव्हा ली जे. कॉब यांनी केली होती. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाल्याने येथे स्कॉट आले. ‘लीजन’ हे नाव मार्ककृत शुभवर्तमानातील, एकाच माणसात वस्ती करून राहिलेल्या अनेक दुष्टात्म्यांच्या प्रसंगावरून घेतले आहे.

कथानक : वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन भागात बारा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाचा क्रूर खून होतो. पाठोपाठ एका धर्मगुरूचा पापनिवेदनाच्या खोलीतच बळी जातो. दोन्ही ठिकाणची खुनाची पद्धत सारखी, पण बोटांचे ठसे वेगवेगळ्या माणसांचे. बळींच्या देहावरच्या खुणा ‘जेमिनी किलर’ या खुन्याच्या असतात आणि जेमिनीला तर पंधरा वर्षांपूर्वीच मृत्युदंड झालेला असतो. खोटे कबुलीजबाब ओळखता यावेत म्हणून पोलिसांनी त्या वेळी वर्तमानपत्रांना मुद्दाम चुकीचा तपशील पुरवला होता; कोणते बोट कापले जाते आणि कोणत्या तळहातावर चिन्ह कोरले जाते, हे फक्त पोलिसांना ठाऊक होते. त्यामुळे नक्कल करणाऱ्याचा संशय टिकत नाही. किंडरमनचा मित्र फादर डायर उपचारांसाठी इस्पितळात असताना त्याचाही बळी जातो. भिंतीवर रक्ताने एका जुन्या चित्रपटाचे नाव लिहिलेले असते आणि त्यात ‘एल’ हे अक्षर जेमिनीच्या सवयीप्रमाणे जादा असते.

तपासाचा माग त्याच इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागात येऊन थांबतो. पंधरा वर्षांपूर्वी भटकताना सापडलेला, नाव-गाव नसलेला ‘पेशंट एक्स’ अकराव्या कोठडीत असतो. त्याचा चेहरा कॅरसचा असतो, पण बोलणारा जेमिनी. आपल्याला रीगनमधून हुसकावून लावल्याचा सूड म्हणून सैतानी शक्तीने जेमिनीचा आत्मा कॅरसच्या मरत्या देहात घातला, असे तो सांगतो. स्वतः कोठडीत राहून तो शेजारच्या विभागातील स्मृतिभ्रष्ट वृद्धांच्या शरीरांचा वापर खुनासाठी करतो. ठसे वेगवेगळे का होते, याचा उलगडा इथे होतो.

निर्मिती : फ्रीडकिन आणि पुढे जॉन कार्पेंटर यांच्याशी दिग्दर्शनाविषयी बोलणी झाली, दोन्ही फिसकटल्यावर ब्लॅटींनी ते स्वतःकडे घेतले. ‘द नाइन्थ कॉन्फिगरेशन’ (१९८०) नंतरचा हा त्यांचा दुसरा आणि अखेरचा दिग्दर्शित चित्रपट. चित्रीकरण जॉर्जटाउन व नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथील स्टुडिओत झाले.

ब्लॅटींच्या मूळ आवृत्तीत पेशंट एक्सची भूमिका सर्वस्वी डूरिफ यांचीच होती, भूत उतरवण्याचा विधी नव्हता आणि शेवटी किंडरमन त्याला गोळी घालत असे. निर्मात्यांना हे मान्य झाले नाही. शीर्षकात ‘एक्झॉर्सिस्ट’ असेल तर विधीही हवा, असा त्यांचा आग्रह. त्यामुळे आणखी सुमारे ४० लाख डॉलर खर्चून चित्रीकरण करण्यात आले. पहिल्या भागात कॅरस झालेल्या जेसन मिलर यांना पुन्हा बोलावून कोठडीतील प्रसंग दोघांत वाटले गेले आणि विल्यमसन यांनी केलेले फादर मॉर्निंग हे पात्र नव्याने जोडले गेले. ते शेवटाच्या विधीसाठीच असल्याने उरलेल्या कथेशी त्याचा धागा जुळत नाही. ‘लीजन’ हे नावही ब्लॅटींना राखता आले नाही.

शैली : रक्तपात पडद्यावर जवळजवळ दिसत नाही; खुनांचे वर्णन किंडरमन व डॉक्टर यांच्या संवादांतून येते. कोठडीतील प्रसंग तर एका जागी बसलेल्या दोन माणसांच्या संभाषणावरच उभे आहेत. डूरिफ यांची लांबलचक स्वगते हा चित्रपटाचा कणा. किंडरमन-डायर यांच्यातली थट्टामस्करी हलकीफुलकी असल्याने डायरचा मृत्यू अधिक झोंबतो.

इस्पितळाच्या मार्गिकेतील प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. रात्रपाळीची परिचारिका कामात असते आणि स्थिर कॅमेरा लांबूनच मार्गिका दाखवत राहतो. फारसे काही घडत नाही, प्रेक्षकाची नजर सैलावते आणि तेवढ्यात पांढऱ्या वस्त्रातली आकृती मोठी कात्री घेऊन तिच्यामागून येते. वार दिसण्याआधीच दृश्य तुटते. भयपटांतील सर्वाधिक परिणामकारक दचक्यांच्या याद्यांत या प्रसंगाचा उल्लेख वारंवार होतो.

वास्तवातील संदर्भ : जेमिनीचे पात्र १९६०-७० च्या दशकांत उत्तर कॅलिफोर्नियात खून करून वर्तमानपत्रांना पत्रे पाठवणाऱ्या ‘झोडिअॅक’ या न सापडलेल्या खुन्यावर बेतलेले आहे. १९७४ मधील एका पत्रात झोडिअॅकने ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटाचा उल्लेख केला होता. १९९१ मध्ये पकडला गेलेला खुनी जेफ्री डामर ‘द एक्झॉर्सिस्ट ३’ पुन्हा पुन्हा पाहत असे, हे त्याच्या खटल्यात पुढे आले.

प्रतिसाद : सुमारे १ कोटी १० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरची तिकीटविक्री केली. समीक्षकांची मते विभागली. ब्लॅटींना लेखनासाठी सॅटर्न पुरस्कार मिळाला, तर स्कॉट यांना वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्याच्या रॅझी पुरस्काराचे नामांकन. मूळ आवृत्तीची बरीचशी रिळे हरवली होती. व्हीएचएस फितींवर उरलेल्या चित्रणाच्या आधारे २०१६ मध्ये स्क्रीम फॅक्टरी या संस्थेने ती ‘लीजन’ या नावाने प्रसिद्ध केली. चित्राची प्रत हलकी असली तरी दिग्दर्शकाचा मूळ हेतू त्यातून कळतो. त्यानंतर काही महिन्यांतच, १२ जानेवारी २०१७ रोजी, ब्लॅटींचे निधन झाले.

मूल्यमापन : जोडलेला शेवट ही या चित्रपटाची उघड उणीव आहे, पोलिसी तपासाची शिस्तशीर मांडणी त्या विधीपाशी येऊन अचानक सुटते. तरीही भीती दाखवण्यापेक्षा ऐकवण्यावर भर देणारा तपासपट म्हणून पहिल्या भागानंतर या मालिकेतला हाच सर्वांत मोलाचा चित्रपट ठरतो.