चिंचोळीचे अरण्य आणि पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा

बिदरच्या जांभ्या पठारावरून हुमनाबादमार्गे दक्षिणेस उतरले म्हणजे चिंचोळीच्या टेकड्या लागतात. कलबुर्गी जिल्ह्याच्या या कोपऱ्यात, तेलंगणाच्या सीमेलगत, १३४.८८ चौरस किलोमीटरांचे वन्यजीव अभयारण्य २०११ साली घोषित झाले. सह्याद्रीच्या दाट रानास सरावलेल्या आमच्या डोळ्यांस हे पानगळीचे अरण्य प्रथम विरळच वाटले. परंतु चंद्रमपल्लीच्या जलाशयाकाठी उभे राहिल्यावर मत पालटले. काळवीट, लांडगा, तरस आणि कोल्हा यांना अशीच मोकळी भूमी मानवते. कोरड्या मुलखातील रानासही रक्षण हवे, ही जाणीव उशिरा का होईना झाली, हे इष्टच होय.

परंतु या रानात माणसेही आहेत. ती लमाणी लोकांच्या तांड्यांतून राहतात. सतराव्या शतकात दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजांना याच लोकांचे बैल धान्य पुरवीत असत. पुढे १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा लोहमार्ग सुरू झाला. आगगाडी आणि सडका यांनी बैलांच्या पाठीवरील ओझे उतरविले, आणि त्याबरोबर धन्याची भाकरीही हिरावली. फिरता तांडा ठिकठिकाणी स्थिरावला तो असा.

आता कायद्याचा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातील कसवटदारास हक्क दिला. अनुसूचित जमातीच्या मनुष्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखविला म्हणजे पुरे. इतरांनी मात्र त्या दिवसापूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षे, आपला तेथील वास सिद्ध केला पाहिजे. लमाणी तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतात, कर्नाटकात अनुसूचित जातीत, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. बोली एक, सेवालाल महाराज एक, सोयरसंबंधही सीमेपलीकडचे. तरीही पलीकडच्या भावास जो पुरावा पुरतो तो अलीकडच्यास पुरत नाही.

पंच्याहत्तर वर्षे मागे मोजली की १९३० साल येते. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व दफ्तर उर्दूत होते. १९४८ साली ते राज्य गेले, १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यास जोडला गेला. अक्षरशत्रू लमाण्याने या तीन राजवटींच्या कागदांतून आपल्या आजोबाचे नाव कोठून शोधावे?

आम्ही एका तांड्यावर वृद्ध नायकास हाच प्रश्न केला. त्याने हाताने समोरची विहीर व देवीची घुमटी दाखविली आणि म्हटले, "वकीलसाहेब, कागद नाही. ही आजाने बांधली." आम्हांस हसू आले नाही, कारण त्याचे उत्तर कायद्यास धरूनच होते. या कायद्याच्या नियमांत कागदपत्रांबरोबरच जुन्या विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थाने, तसेच दावेदाराखेरीज इतर वृद्धांची लेखी जबानी, हेही पुरावे मानले आहेत. असे असता केवळ कागद नाही म्हणून दावा फेटाळणे हा न्याय नव्हे.

आपल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले. त्या मूळ स्थानाची ओळख कुलांनी पिढ्यानुपिढ्या जपली, ती काही खरेदीखतावरून नव्हे. देवराईची सीमाही आपण कोणत्या नकाशावरून ओळखीत होतो? देवाच्या भीतीने झाड राखणाऱ्या समाजास, घुमटी हाही दस्तऐवज असतो, हे पटावयास अडचण पडू नये.

काळविटास रान हवे, आणि लांडग्यासही. त्यासाठी कोणास हलवावयाचे असेल तर आधी त्याचा हक्क ठरवावा, मग ग्रामसभेची संमती घ्यावी. कायद्याचा क्रमही तोच आहे. आधी हुसकावून मग चौकशी करणे म्हणजे निकाल देऊन साक्षीदार बोलावणे होय. परतताना नायकाने आम्हांस त्याच विहिरीचे पाणी दिले. ते गोड होते.