सिक्लिड मासे : प्रजनन-वर्तनाची ओळख

सिक्लिडी कुलातील मासे गोड्या व निमखाऱ्या पाण्यात राहतात. आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर, दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्यांचे प्रमुख मूळ प्रदेश. एंजल, डिस्कस, ऑस्कर, कन्व्हिक्ट हे घरगुती टाक्यांतले परिचित मासे याच कुलातले. अंडी-पिल्लांची राखण करण्याची या कुलात रीत असल्याने त्यांची वीण काचेतून पाहता येते. मात्र तिची सुरुवात भांडणासारखी दिसते, आणि पाळणारे पुष्कळदा नेमके त्याच वेळी जमू लागलेली जोडी वेगळी करतात.

जोडी जमणे : एंजल, डिस्कस यांच्यात नर-मादी रूपावरून ओळखणे कठीण. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवून त्यांना आपापला जोडीदार निवडू द्यावा, हीच भरवशाची पद्धत. जोडी जमताना दोघे शेजारी उभे राहून पर ताणतात, कल्ल्यांची झाकणे फुगवतात, शेपटीने एकमेकांवर पाण्याचा झोत मारतात, जबड्यात जबडा धरून रेटारेटी करतात. जेरार्ड व योस बेरेंड्स या डच दांपत्याने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा हालचालींचे तपशीलवार वर्णन आहे. रेटारेटी दोन्हीकडून सारखी असेल आणि ती थांबल्यावर दोघे एकाच कोपऱ्यात राहून इतरांना पिटाळत असतील, तर जोडी जमते आहे असे समजावे. एकजण पर मिटून पाण्याच्या वरच्या थरात दबून राहिला असेल, त्याचे पर फाटले असतील, तर तो निव्वळ मार आहे. त्याला लगेच दुसऱ्या टाकीत हलवावे.

रंग : प्रजननकाळात रंग गडद होतो, पण केवळ रंगावर विसंबू नये. कन्व्हिक्टमध्ये पोटावरची नारिंगी झाक मादीला असते, नराला नव्हे.

जागा साफ करणे : दगड, रुंद पान, कुंडीचा तुकडा किंवा फिल्टरचा पाइप यांचा एकच भाग जोडी पुन्हा पुन्हा तोंडाने खरवडते. काही जाती वाळूत खड्डे करतात. चरताना मासा टाकीभर चोची मारत हिंडतो. साफसफाईत तो ती एकच जागा सोडत नाही.

प्रजननलिका : सर्वांत विश्वसनीय खूण हीच. अंडी घालण्याच्या सुमारास गुदद्वारामागून एक लहान नळी बाहेर डोकावते. मादीची नळी जाड व बोथट, नराची बारीक व टोकदार. मासा काचेला समांतर उभा असताना खालून, बाजूने उजेड पाडून पाहावे. दोघांच्याही नळ्या जाड दिसल्या तर ती दोन माद्यांची जोडी असू शकते. एंजलमध्ये असे घडते. त्या जागा साफ करतात, अंडीही घालतात, पण ती फळत नाहीत.

अंडी घालणे : मादी आधी अंडी न घालताच त्या जागेवरून पोट घासत काही फेऱ्या मारते. मग प्रत्येक फेरीत अंड्यांची एक ओळ चिकटवते आणि नर मागोमाग त्याच ओळीवरून जातो. फळलेली अंडी पिवळसर, पारदर्शक राहतात. न फळलेली दुधाळ पांढरी होऊन त्यांवर बुरशी येते. नवख्या जोड्या पहिल्या खेपांची अंडी खातात. एवढ्यावरून जोडी मोडू नये.

राखण : आईबाप परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवतात. एंजलची अंडी साधारण २७-२८ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवसांत फुटतात. नंतरचे काही दिवस पिल्ले जागच्या जागी वळवळतात. आईबाप ती तोंडात घेऊन दुसरीकडे ठेवतात. त्या वेळी ती खाल्ली जात आहेत असा समज होतो. डिस्कसची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म खातात.

तोंडात अंडी सांभाळणाऱ्या जाती : मलावी सरोवरातील, टाकीत पाळले जाणारे बहुतेक सिक्लिड या गटात. मादीचा गळा फुगतो, ती अन्न टाळते व तोंडात काही घोळवत असल्यासारखी हालचाल करते. नराच्या गुदपरावरील अंड्यांसारखे ठिपके मादीला फसवतात, असे वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये सुचवले. ते प्रतिस्पर्धी नराला दबकवण्यासही उपयोगी पडत असावेत.

भारतीय जाती : गोव्यात कालुंदर व केरळात करीमीन म्हणून खाल्ला जाणारा एट्रोप्लस सुरातेन्सिस आणि त्याचा छोटा नातलग ऑरेंज क्रोमाइड हे आपले सिक्लिड. परदेशी जातींच्या गर्दीत ऑरेंज क्रोमाइडकडे दुर्लक्ष झाले, हे खेदाचे; वर्तन-अभ्यासाला इतका सोयीचा देशी मासा विरळा. पिवळ्या अंगावर उठून दिसणारे पोटाखालचे काळे पर झपझप उघडमीट करून आईबाप पिल्लांना जवळ बोलावतात. वॉर्ड व बार्लो यांनी १९६७ मध्ये पिल्लांच्या आईबापांच्या अंगाला निसटते स्पर्श करण्याच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबापांच्या काळ्या परांची अशी उघडमीट सुरू झाली आणि पिल्ले दिसत नसतील, तर ती तळाशी शोधावीत व टाकीत हात घालू नये.

संकरित प्रकार : फ्लॉवरहॉर्न या संकरित सिक्लिडचे बरेच नर वंध्य असतात, म्हणून जोडी जमली तरी अंडी फळतीलच असे नाही.